एका ठिपक्यात नऊ गुंठे : किनवटच्या रानात ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’ वापरून बघितलं

ओढ्याच्या काठाने चालत आम्ही थुटं मोजली, ती एक्केचाळीस भरली. सगळी सागाची. काहींवर पालापाचोळा मुद्दाम ओढलेला, काहींच्या बुडातून फुटवे कमरेएवढे आलेले, म्हणजे तोड होऊन दोन पावसाळे उलटलेले. माझ्या मोबाइलवर त्याच ओढ्याचा नकाशा उघडा होता आणि त्यावर झाडं गेल्याचा एकही गुलाबी ठिपका नव्हता. आदल्याच आठवड्यात ग्रामसभेत उभा राहून मी सांगितलं होतं की उपग्रहाच्या हिशेबाने आपलं जंगल शाबूत आहे. सोबत आलेले आजोबा एका थुटावर टेकले आणि तंबाखू मळता मळता म्हणाले, “सर, तुमचा उपग्रह लई वरून बघायलाय वाटतं.”

मी किनवट तालुक्यात भूगोल शिकवतो. गावाच्या सामूहिक वनहक्क समितीत लिहिण्यावाचण्याची कामं माझ्या गळ्यात असतात, कारण लॅपटॉप माझ्याकडे आहे. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्यांना पाण्याचे टँकर आठवतात, आणि त्यात खोटं काही नाही. लातूर जिल्ह्यात वन एक टक्काही भरत नाही. पण आमच्या किनवट-माहूरकडे, पैनगंगेच्या दोन्ही अंगांना, अजून सलग सागाचं रान आहे. त्यावर नजर ठेवायला ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’ हे संकेतस्थळ तीन वर्षं वापरतोय. ज्यांना आपल्या गावशिवारासाठी ते वापरायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. आधी सांगतो, पाचापैकी साडेतीन तारे. कापलेल्या दीड ताऱ्यातला अर्धा माझ्या स्वतःच्या अडाणीपणाचा आहे, तो कुठला ते पुढे येईलच.

हे आहे काय? वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने २०१४ साली सुरू केलेला जगाचा झाडांचा नकाशा. मागचं मुख्य काम मेरीलँड विद्यापीठातल्या मॅथ्यू हॅन्सन यांच्या गटाचं. त्यांनी लँडसॅट उपग्रहाची साडेसहा लाखांवर चित्रं गूगलच्या संगणकांवर चाळली आणि २०१३ साली जाहीर केलं की २००० ते २०१२ या काळात जगातला २३ लाख चौरस किलोमीटर झाडोरा गेला आणि ८ लाख नव्याने आला. तेव्हापासून दर वर्षी नवं वर्ष त्यात जोडलं जातं. जिथे झाडं गेली तिथे गुलाबी ठिपका. पैसे लागत नाहीत. आपल्या जंगलाची हद्द स्वतः बोटाने आखता येते किंवा हद्दीच्या बिंदूंची केएमएल फाइल चढवता येते, आणि त्या हद्दीत काही हललं तर ईमेल येतो. आमच्या समितीकडे हद्दीचे जीपीएस बिंदू होतेच, त्यामुळे हे काम अर्ध्या तासात झालं.

आता त्या ठिपक्याबद्दल. लँडसॅटच्या चित्रातला एक चौकोन ३० मीटर बाय ३० मीटरचा असतो. ९०० चौरस मीटर. मीटरमध्ये सांगितलं की आमच्या समितीतल्या लोकांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, म्हणून मी फळ्यावर गुंठ्यात मांडलं. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, तेव्हा एक ठिपका नऊ गुंठ्यांचा. लगेच सगळ्यांना कळलं. नऊ गुंठ्यांत सागाची तीस-चाळीस झाडं उभी असतात. त्यातली दोन रात्रीतून गेली तर उरलेल्यांचा पाला वरून तसाच दिसतो, आणि त्या चौकोनाचा रंग बदलत नाही. आमच्याकडची चोरी अशीच होते. इथे एक, पन्नास पावलांवर दुसरं, सरळ बुंध्याचं बघून. अख्खा चौकोन उघडा पडावा अशी तोड इकडे चोर करतच नाही. ओढ्याकाठची एक्केचाळीस थुटं आम्ही दीड किलोमीटरात मोजली होती. नकाशात ती न दिसणं ही त्या नकाशाची चूक नव्हे. ही मंडळी स्वतः लिहून ठेवतात की त्यांची वार्षिक नोंद झाडोरा पूर्ण हटण्याची आहे, विरळ होण्याची नाही. मी ते न वाचताच ग्रामसभेत बोललो. तारा क्रमांक अर्धा, माझा.

दुसरी गोष्ट मला सहा महिने दिसलीच नव्हती. नकाशाच्या बाजूच्या पट्टीत एक टक्केवारी असते, झाडांच्या सावलीने किती जमीन झाकली तर तिला झाडोरा म्हणायचं त्याची. उघडल्यावर ती ३० टक्क्यांवर असते. ॲमेझॉनमध्ये ठीक आहे. आमच्या माळावरचं, धावडा-सालई-मोईचं कोरडं रान कित्येक ठिकाणी तितकं भरतच नाही. म्हणजे ३० वर ठेवलं की ते रान या हिशेबात मुळात जंगलच नव्हतं, मग तुटलं काय आणि राहिलं काय. १० टक्क्यांवर आणलं तेव्हा आमच्या हद्दीतलं झाडांखालचं क्षेत्र एकदम फुगलं आणि कोपऱ्यात दोन गुलाबी पुंजकेही उगवले. शिवाय यांच्या व्याख्येत झाड म्हणजे पाच मीटरपेक्षा उंच काहीही. माळावरची खुरटी बोरी-बाभळी त्यात येतच नाही. वापरणाऱ्यांनी पहिलं काम हे करा, ती टक्केवारी १० वर आणा. मराठवाड्यात तरी.

ते दोन पुंजके बघायला आम्ही गेलो. एक निघाला सागाच्या जुन्या लागवडीतला कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला तुकडा, वनखात्याच्या कार्य आयोजनेप्रमाणे रीतसर तोडलेला. थुटांवर हातोड्याचे शिक्के होते, शेजारी नवी रोपंही लागलेली. दुसऱ्या पुंजक्यावर खरंच रान फोडून तूर पेरली होती. नकाशाच्या लेखी दोन्ही सारखेच गुलाबी. लागवड तोडली, वणव्यात गेलं, तळ्यात बुडालं, कुणी नांगरलं, यातलं काय झालं ते वरून कळत नाही. त्याला चपला घालून जावंच लागतं.

इथे थोडा आडवळणाला जातो, कारण शिक्षकांच्या खोलीत यावरून भांडण झालं होतं. २०२४ साली वर्तमानपत्रांत आलं की ग्लोबल फॉरेस्ट वॉचच्या आकड्यांनुसार भारताने २००० पासून २३.३ लाख हेक्टर झाडोरा गमावला. राष्ट्रीय हरित लवादाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल आला. त्यात वनं आणि झाडं मिळून ८,२७,३५७ चौरस किलोमीटर, देशाच्या २५.१७ टक्के, आणि आधीच्यापेक्षा वाढ. आमचे गणिताचे सर म्हणाले, दोघांपैकी एक खोटं बोलतंय. मी म्हटलं, दोघंही खरं बोलत असतील, प्रश्न वेगवेगळे आहेत. गुलाबी ठिपका फक्त गेलेलं मोजतो. नव्याने आलेलं त्यातून वजा होत नाही. आणि त्या नुकसानातला ६० टक्के वाटा आसाम, मिझोराम, अरुणाचल, नागालँड, मणिपूर या पाच राज्यांचा आहे. तिथे झूम शेतीत डोंगर साफ होतो आणि सोडून दिला की पुन्हा भरतो. साफ झालेला दिसतो, भरलेला त्या रकान्यात येत नाही. उलट वन सर्वेक्षणाची व्याख्या फार दिलदार. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, सलग असावं आणि १० टक्के सावली असावी, बस. जमीन कुणाची, झाडं कशाची, हे विचारायचं नाही. माझ्या मेव्हण्याची केजजवळ केशर आंब्याची तीन एकर बाग आहे. दाट भरली आहे. त्या हिशेबाने तो वनात राहतो. हे सांगितल्यावर तो कलेक्टरला भेटायला निघाला होता, आता अनुदान मिळतं का विचारायला.

असं भांडण पहिल्यांदा झालं ते आमच्या शाळकरी वयात. सरकारी दफ्तरात देशाची सुमारे २३ टक्के जमीन वन म्हणून लिहिलेली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने लँडसॅटची चित्रं लावून बघितली. १९७२ ते ७५ च्या चित्रांत वनाच्छादन १६.८९ टक्के निघालं आणि १९८० ते ८२ च्या चित्रांत १४.१० टक्के. वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल १९८७ चा, त्यात १९.४९ टक्के. दफ्तर आणि आकाश यांचा मेळ तेव्हापासून घातला जातोय. माझ्या मते त्यात वाईट काही नाही. दोन पंच असले की पंचनामा जरा नीट होतो.

आता माझ्या दुसऱ्या फजितीकडे. ग्लोबल फॉरेस्ट वॉचचा वार्षिक ठिपका यायला वेळ लागतो, म्हणून मी युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाची ताजी चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर बघायला शिकलो. तीही फुकट. १० मीटरचा चौकोन, म्हणजे आपला बरोबर एक गुंठा, आणि दर पाच दिवसांनी नवं चित्र. मला अगदी घबाड सापडल्यासारखं झालं. ऑक्टोबरचं आणि मार्चचं चित्र शेजारी ठेवलं, तर अख्खी टेकडी हिरवीची तपकिरी झालेली. मी घाबरून समितीच्या व्हॉट्सॲप गटावर दोन्ही चित्रं टाकली आणि खाली लिहिलं, “सहा महिन्यांत ४० एकर साफ!” वीस मिनिटांत वनरक्षक भाऊंचा फोन आला.

“सर, तुम्ही भूगोल शिकवता ना?”

“हो.”

“मग साग मार्चला पान टाकतो हे कोणत्या इयत्तेला आहे?”

पाच सेकंद मी काही बोललो नाही. खिडकीतून दिसणारा साग पार उघडा उभा होता, हाडासारखा. पानगळी रान मार्च-एप्रिलात वरून मेलेलंच दिसतं. वन सर्वेक्षणवाले आपल्या अहवालासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेतात ती याच कारणाने. पाऊस संपलेला असतो, ढग नसतात आणि पान अजून झाडावर असतं. तेव्हापासून मी दर वर्षी नोव्हेंबरचं चित्र मागच्या नोव्हेंबरशीच लावतो. गटावरचा तो मजकूर पुसला, पण लोकांनी तोवर पुढे ढकललेला होता. शेजारच्या तांड्यावरून अजून विचारतात, “सर, ते चाळीस एकर परत आले का?”

वणव्याचे ठिपके या संकेतस्थळावर वेगळ्या थरात दिसतात, लाल-केशरी. ते नासाच्या व्हीआयआयआरएस यंत्राचे. इथेही गुंठ्यात मांडून बघावं. त्याचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे पस्तीस एकरांच्या आसपास. ठिपका पडतो त्या चौकोनाच्या मधोमध, आग मात्र त्या पस्तीस एकरांत कुठेही असू शकते. आणि हे यंत्र बसवलेले उपग्रह आपल्या डोक्यावरून साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला जातात. सकाळी लागून बाराला विझलेली आग त्यांच्या गावीही नसते. मागच्या मार्चमध्ये दुपारच्या फेरीचा असा एक ठिपका पडला म्हणून वनरक्षक भाऊ आणि मी मोटारसायकलवर गेलो. ठिपक्याच्या जागी काही नाही, नुसता मुरूम. दीडेकशे मीटर बाजूला मोहाच्या झाडाखाली एक मावशी टोपलं घेऊन बसलेल्या. झाडाखालचा पाला त्यांनी जाळून घेतला होता, कारण साफ जमिनीवर पडलेलं मोहफूल वेचायला सोपं जातं. भाऊ चिडले. मावशी म्हणाल्या, “इस्तू म्या बघत बसले व्हते. तुम्हाला कोन सांगितलं?” भाऊंनी वर बोट दाखवलं. मावशींनी वर बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर सावरून पुन्हा फुलं वेचायला लागल्या. पुढच्या वेळी जाळण्याआधी भोवती चार हात झाडून घ्यायचं त्यांनी कबूल केलं. बाकी डिसेंबर-जानेवारीत शिवाराच्या बाजूला पडणारे बरेचसे ठिपके पऱ्हाट्या जाळण्याचे असतात. ते सोडून द्यायला एक हंगाम गेला की आपोआप जमतं. वणव्यापुरतंच बघायचं असेल तर वन सर्वेक्षणाकडे मोबाइल नंबर नोंदवून मिळणारा एसएमएस पुरतो, नकाशा उघडायचीही गरज नाही.

अशा यंत्रणेचा खरा उपयोग कुठे झाला असेल तर ब्राझीलमध्ये. तिथली आयएनपीई ही सरकारी संस्था १९८८ पासून ॲमेझॉनची तोड उपग्रहाने मोजते आणि २००४ पासून तोड चालू असतानाच इशारा देते. २००४ साली २७,७७२ चौरस किलोमीटर तुटलं होतं, २०१२ साली ४,५७१. त्या आठ वर्षांत इशारा आल्यावर तपासनीस जात होते, दंड होत होते, कर्ज अडवलं जात होतं. आणि तिथली तोड शेकडो एकरांची, एका फटक्यात. तीस मीटरच्या चौकोनाला ती न दिसायला तो आंधळाच हवा. जास्त तिखट नजरेचे, ढगातून बघणारे रडारवरचे इशारेही आधी ओल्या सदाहरित रानासाठी बनले. आमच्या वाट्याला तीस मीटरचंच. मी तक्रार करत नाही, फुकटच्या बैलाचे दात मोजू नयेत, पण त्याला जुंपायचं कुठे हे कळायला पाहिजे.

ज्याला आकडे काढायचे आहेत त्याला एक सूचना. २००१ पासूनचा स्तंभालेख बघून “तोड वाढली” असं जाहीर करू नका. मोजायची पद्धत मध्ये सुधारली आहे, नवी नजर जुनीपेक्षा जास्त पकडते, आणि तसं ते स्वतः बजावतात. हा इशारा मी दोनदा वाचला, आधीच्या अनुभवावरून.

मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, चिनी आणि इंडोनेशियाची भाषा आहे. म्हणून समितीत ते एकट्या माझ्या हातात राहतं, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. माझा पाऊण तारा यासाठी गेला. ज्या बाईला प्रत्येक मोहाचं झाड ठाऊक आहे तिला हा नकाशा वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतो त्याला साग कधी पान टाकतो ते आठवत नाही. उरलेला पाव तारा आमच्याकडच्या नेटवर्कचा, त्यात त्यांचा दोष नाही. यांचंच ‘फॉरेस्ट वॉचर’ नावाचं ॲप आहे, त्यात नकाशा आधी उतरवून रानात रेंज नसताना वापरता येतो. ते घ्या.

एक काम या संकेतस्थळाचं नाही, पण त्याच्यामुळे लागलेल्या सवयीतून झालं म्हणून सांगतो. थुटावर बसलेले ते आजोबा. त्यांचा दोन एकरांचा वैयक्तिक वनहक्काचा दावा होता. कायदा २००६ चा, आणि त्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. उपग्रहाचं चित्र जोडीचा पुरावा म्हणून चालतं. इतर पुराव्यांच्या जागी ते धरता येत नाही, असं २०१२ च्या नियमात स्पष्ट आहे. लँडसॅटची जुनी चित्रं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने २००८ पासून फुकट केली आहेत. मी आधी लँडसॅट-७ चं चित्र उतरवलं, तर त्यावर काळे पट्टे. त्या उपग्रहाचा एक भाग मे २००३ मध्ये बिघडला तो कायमचा, आणि आजोबांचं शेत नेमकं पट्ट्यात. मग लँडसॅट-५ चं शोधलं. ते स्वच्छ होतं. आजोबा शेजारी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले.

“रान लाल काहून?”

झाडाचं पान डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं, आणि तो दाखवायला चित्रात लाल रंग वापरतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नव्हे. मी मोठं करत गेलो. दोन एकर म्हणजे ८० गुंठे, म्हणजे उणेपुरे नऊ ठिपके. लालभडक रानाच्या कडेला नऊ निळसर-करडे चौकोन, तीनाच्या तीन ओळी असाव्यात तसे, एक कोपरा जरा लालसर. आजोबांनी त्या कोपऱ्यावर नख ठेवलं. “हितं मोह होता. तोडला नाही म्या.”

दाव्याला ते चित्र जोडलं, पण वजन पडलं ते दुसऱ्याच कागदाचं. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत १९९८ ची दंडाची पावती निघाली, वनजमिनीवर अतिक्रमण केल्याबद्दल त्यांनी भरलेल्या दंडाची. चौघडी करून, पिवळी पडलेली, शाई अजून शाबूत. दावा मंजूर झाला. आजोबा आता मला भेटले की विचारतात, नऊ डब्बे बरोबर हायत ना अजून.

आम्ही आता महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी फिरतो. आधी संकेतस्थळ उघडून ठिपके वहीत उतरवायचे, मग ओढे आणि गाडीवाटा तशाच पायी बघायच्या, कारण चोर तिथूनच माल काढतो. थुट सापडलं की घेर सुतळीने मोजून वहीत लिहायचा आणि वनरक्षक भाऊंना द्यायचं. वहीत दोन रकाने आहेत, “वरून दिसलं” आणि “खालून दिसलं”. मोहाच्या मावशीही येतात. या वेळी वरच्या रकान्यात एकच नोंद आहे, धरणाच्या बाजूला, दोन ठिपके जोडून. अठरा गुंठे. शनिवारी सकाळी सातला निघायचंय, आणि माझ्या मोटारसायकलचं मागचं टायर बदलायचं अजून राहिलंय.